लाल वादळाची बायको

१ फेब्रुवारी १९८७, रविवार

आज पाचुकाच्या रिंगणात पुन्हा तेच! वरच्या दोरावरून उडी मारली, समोर लढणाऱ्या रेमेदिओसच्या छातीवर बरोब्बर उतरले, लोक खुर्च्यांवर चढले — आणि भोंग्यावर काय? "जिंकली! लाल वादळाची बायको!"

अरे, उडी मी मारली की वादळानं? वादळ, म्हणजे माझा नवरा इलारिओ, तोही मल्लच, तेव्हा बाहेर उभा राहून पाव खात होता.

नऊ वर्षं झाली, हेच नाव. भिंतीवरच्या जाहिरातीतही हेच. मुखवटासुद्धा त्याच्या मुखवट्याच्या उरलेल्या लाल कापडातून शिवलेला! पुरुषांना कपडे बदलायला खोली, गरम पाणी. आम्हा बायकांना सरबताच्या बाटल्यांचं कोठार. एकीनं दार धरायचं, दुसरीनं बदलायचं.

तिसऱ्या रांगेतून एक ओरडला, "घरी जा, भांडी घास!" मी म्हटलं, "घासून आलेय! तुझी कोण घासतंय ते बघ जा!" सगळी रांग हसली. आजची खरी कुस्ती मी तिथं जिंकले.

४ फेब्रुवारी

फर्मिनशेठनं बोलावलं. कुस्त्या तोच भरवतो, कोण जिंकणार तेही तोच ठरवतो. म्हणाला, "राजधानीत जायचंय."

मी दोनदा विचारलं, कुठं? राजधानीत बायकांना रिंगणात पाय ठेवायला बंदी होती. मी जन्मायच्या आधीपासून. आता उठली! बावीस तारखेला मी आणि रेमेदिओस. तीही पैजेची कुस्ती — माझा मुखवटा, तिचे केस. ती हरली तर तिथंच तिचं डोकं भादरायचं. मी हरले तर मुखवटा कायमचा गेला.

"तू जिंकायचंस," शेठ म्हणाला. "लाल मुखवटा खपतो. हिच्या केसांना कोण विचारतंय?"

रेमेदिओस शेजारीच बसली होती. वेणी मुठीत धरून.

५ फेब्रुवारी

अपिसाकोला आईला फोन केला. गल्लीत फोन एकच, औषधाच्या दुकानात. आईनं शेजारणींना सांगून ठेवलंय, लेक टोलुकाच्या दवाखान्यात नर्स आहे. म्हटलं, आई, राजधानीत लढतेय.

"मुखवटा असेल ना तोंडावर?"

"असेल."

"मग बरं."

बरं! काय बरं आहे त्यात?

९ फेब्रुवारी

डोक्यात एकच घोळतंय. मुखवटा हरला की माईक हातात देतात. हरणाऱ्यानं आपलं खरं नाव सांगायचं — पूर्ण, बापाचं आडनाव, आईचं आडनाव — मग गाव, मग किती वर्षं लढतोय ते. जुना रिवाज आहे. फर्मिनशेठची टाप नाही मोडायची, लोक खुर्च्या फेकतील. गेल्या साली एक म्हातारा मल्ल हरला, तर लोकांनी टोप्या काढल्या होत्या.

जिंकणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही.

म्हणजे जिंकले तर मी पुन्हा वादळाची बायको. मरेपर्यंत.

१२ फेब्रुवारी

पोरांसाठी वाफवलेले मक्याचे तमाल करपले. कारण वरचंच. इलारिओ म्हणतो, घाबरलीस होय? घाबरतंय माझं खेटर!

२३ फेब्रुवारी, सकाळी

अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

काल काय गर्दी! आणि काय लढलो आम्ही दोघी! रेमेदिओसनं मला दोरांबाहेर फेकलं, पहिल्या रांगेतल्या एका आजीबाईच्या मांडीवर. आजीबाई कसली खमकी, मला उचलून म्हणते, "जा पोरी, हाण तिला!" भांडी घास कुणी म्हणालं नाही. एकही नाही!

मग ठरलेली जागा आली. तिनं मला आडवं करायचं, मी शेवटच्या क्षणी खांदा उचलायचा, उलटा डाव टाकायचा आणि जिंकायचं. तिनं आडवं केलं. तीन थापांत खांदा उचलला नाही तर हार. पंच बाल्तासारनं फळीवर थाप मारली — एक.

मी नाही उचलला खांदा.

दोन. त्याचा हात वरच राहिला. कानाशी वाकून पुटपुटला, "ऊठ की गं बाई! तू जिंकायचीस!" मी म्हटलं, "मार थाप." रेमेदिओसचे डोळे एवढाले झाले. लोक ओरडायला लागले, तिसरी मार, तिसरी मार! शेवटी मारली.

मीच गाठ सोडली. मुखवटा तिच्या हातात दिला. ती लहान पोरासारखी रडत होती, वेणी पाठीवर तशीच. कोपऱ्यातून इलारिओ ओरडला, "माझं नाव सांग!" शेठही तिथंच, तोही ओरडतोय, वादळाचं नाव घे. माईक घेतला. तोंडाला वारा लागला, काय बरं वाटलं!

"एउलालिया झेपेदा मोन्रॉय. अपिसाकोची. नऊ वर्षं."

बास. सगळे उभे राहिले होते. ती आजीबाई खुर्चीवर उभी राहून माझं नाव ओरडत होती. माझं! देवा, एवढं मोठं कधी वाटलं नव्हतं मला.

२४ फेब्रुवारी

शेठ घरी येऊन बरसून गेला. "दोन पोरांच्या आईचं तोंड बघायला कोण येणार? तू संपलीस!" संपले तर संपले. पण तो गेल्यावर डब्यातले पैसे दोनदा मोजले, खोटं कशाला लिहू.

इलारिओ परवापासून फुगलाय. जेवताना एकदम म्हणाला, "माझं नाव घ्यायची लाज वाटली?"

"लाज नाही रे. कंटाळा आला."

ताटातलं सगळं संपवलं. मग म्हणाला, "ती वरच्या दोरावरची उडी... मला नसती जमली." आणि ताट स्वतः उचललं. घासलंही!

२६ फेब्रुवारी

आईचा फोन! स्वतःहून! "रेडिओवर माझं आडनाव घेतलंस तू."

"रागावलीस?"

"दुकानात सगळ्यांनी ऐकलं. मला फाडून खातायत, लेक कुस्ती खेळते हे लपवून का ठेवलंस म्हणून. मी म्हटलं, मी कशाला लपवते? तिनंच सांगू नको म्हटलं होतं!"

धन्य आहे ही बाई! नंतर आवाज बारीक करून विचारते, आता कधी लढणार, मला पुढची खुर्ची मिळेल का. काय सांगू? कळवते म्हटलं.

१ मार्च

सकाळी दार वाजलं. मला वाटलं, शेठ. बघते तर बाहेर दोघीजणी, तोंडावर मुखवटे, शेजारचा कुत्रा भुंकून हैराण. भोंग्यावरची सोनेरी चित्त्याची मुलगी आणि यमदूताची बहीण.

"एउलालियाताई," चित्त्याची मुलगी म्हणाली, "आम्हालाही हरायचंय."

आत घेतलं. आतोले, मक्याची दाट पेज, उकळायला ठेवलीय.