चपला बाहेर, कॉम्प्युटर आत

१ जून १९९९
आणि तात्यारावानं खुर्चीचा विषय पुन्हा काढायचं कारणच नव्हतं. खुर्ची रिकामी होती, मी बसलो. तो म्हणे, लॅबमधली खुर्ची विद्यार्थ्यांची, शिपायाचं स्टूल दाराबाहेर. स्वतः मोठा शिपाई, म्हणून हा रुबाब. जागेवर बसायचा पगार आहे का, म्हणे, शिकायचा? अरे, मी इथं फक्त चपला सांभाळून राहिलो का? (हो. पण फक्त तेवढंच नाही.) आत धूळ गेली की कॉम्प्युटर बिघडतात, म्हणून सगळ्यांनी चपला-बूट बाहेर काढायचे आणि मी नंबरचा बिल्ला द्यायचा. म्हणजे एवढी लाखोंची मशिनं वाचवतं कोण?
दार उघडं असलं की लेक्चर ऐकू येतं. एसी लावला की दार बंद. उन्हाळ्यानं माझ्या शिक्षणाचं फार नुकसान केलं.
संकल्प: पुण्यात राहायचं तर पुण्यासारखं बोलायचं. आमच्याकडचं 'करून राहिलो' आजपासून बंद.

४ जून
आर्वीहून दीपाचं पत्र. माझी बहीण बारावी सायन्स पास, एकसष्ट टक्के. आमच्या घरात बारावी बघणारी पहिलीच. मी नववीत शाळेला कंटाळलो, शाळा त्याआधीच मला. तिला आमच्याच विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. लिहिते, दादा, तू तिथं डिपार्टमेंटमध्येच आहेस, प्रवेश परीक्षेचं काय ते कळव. माझा सगळा भार तुझ्यावर.
घरी मी 'कॉम्प्युटर डिपार्टमेंटला लागलो' एवढंच सांगितलं आहे. त्यात एक अक्षर खोटं नाही.
उद्या बापट मॅडमशी बोलायचं. विभागप्रमुख त्याच.

५ जून
मॅडम घाईत होत्या.

७ जून
मॅडम घाईत नव्हत्या. पण मूड नव्हता. माझा.

१० जून, संध्याकाळी
अप्पा बळवंत चौकातून जुनं कॉम्प्युटरचं पुस्तक आणलं. जाड. इंग्रजी. प्रस्तावना सोडून वाचायचं ठरवलं. मग पहिलं प्रकरणही सोडून. चित्रं कमी आहेत.
महत्त्वाचं राहिलंच! मॅडमशी बोललो. जिन्यात. म्हटलं, बहीण हुशार आहे, इथं शिकायचं म्हणते. त्या म्हणाल्या, अरे वा, मग येऊ द्या की! आणि खाली उतरून गेल्या. संपला विषय. विभागप्रमुख 'येऊ द्या' म्हणाल्यावर अजून काय पाहिजे?
लगेच पत्र टाकलं: परीक्षा बाहेरच्यांसाठी असते. आपलं बोलणं झालं आहे. पाच जुलैला मुलाखतीला बाबांसोबत सरळ ये.

२० जून, रविवार
आज प्रवेश परीक्षा. जिन्यापर्यंत चपला. एका मुलीनं बिल्ला दोनदा खाली पाडला. मी म्हटलं, काही होत नाही, ये बाई आत. वाईट वाटलं. बिचाऱ्यांचं इथं कोणी ओळखीचं नाही.

२४ जून
दार उघडं होतं. कॉम्प्युटर म्हणे सगळं शून्य आणि एकमध्येच लिहितो. एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.
सगळ्या बिल्ल्यांवरचे आकडे खरवडून शून्य-एकमध्ये रंगवले: गोल म्हणजे शून्य, उभी रेघ म्हणजे एक. उद्या मॅडमना कळेल, माणूस कुठं बसला आहे आणि कुठं बसायला हवा.

२५ जून
गोल बिल्ला उलटा धरला की ११० चा ०११ होतो. हे लेक्चरमध्ये सांगायला हवं होतं. पाहुणे प्राध्यापक लेडीज सँडल हातात घेऊन उभे. मुलं हसून राहिली. मॅडम म्हणाल्या, अहो साईनाथ, आपण संशोधन करू नका, चपला द्या. तात्याराव सगळ्यांत जास्त वेळ हसला.
पण 'संशोधन' हा शब्द मॅडमचा, माझा नाही. नोंद असावी.

५ जुलै
बेत असा होता: इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर थांबायचं, दोघांना आत सोडायचं, स्टुलावर तात्याराव. तात्याराव म्हणाला, तुझी बहीण, तुझं स्टूल. मी कशाला?
गर्दी होती. समोर आलेल्या सँडल घेतल्या, बिल्ला पुढं केला, वर बघितलं तर दीपा.
बाबांनी विचारलं, साई, हे काय? माझ्याआधी तीच बोलली. म्हणाली, गर्दी आहे ना बाबा, मदत करून राहिला तो. आणि आत गेली.
लगेच बाहेर आली. आत परीक्षेचा नंबर विचारला, तिच्याकडे नंबर नाही. मॅडम चांगलं बोलल्या म्हणे, पुढच्या वर्षी परीक्षा द्या. दादानं सांगितलं म्हणून परीक्षा दिली नाही, हे तिनं आत सांगितलं नाही. माझं नावच घेतलं नाही.
बाबांना अजून वाटत होतं, काही तरी होईल. वर्ध्याहून आणलेला गोरसपाक बिस्किटांचा डबा त्यांनी स्टुलावर ठेवला. म्हणाले, मॅडमना दे, तुझं वजन वाढेल.
सँडलचा पट्टा लावता लावता दीपानं विचारलं, परीक्षा कधी होती?
वीस तारखेला.
तू इथंच होतास?
हो म्हटलं.
तिनं दुसऱ्या सँडलचा पट्टा लावला.

६ जुलै
संकल्प: पुढच्या वर्षी फॉर्म मी स्वतः आणणार, भरणार, पोचवणार. फॉर्म कधी मिळतात ते विचारायचं. उद्या.

२ ऑगस्ट
बाबांचं कार्ड. दीपा पुढच्या वर्षी पुण्याला यायचं नाही म्हणते. कोणाच्या भरवशावर राहायचं नाही म्हणते. आर्वीतच टायपिंगच्या क्लासला घातलं. तुला दोन ओळी लिही म्हटलं तर म्हणाली, लिहिण्यासारखं काही नाही.
तसं बघितलं तर टायपिंगची बटणं आणि कॉम्प्युटरची बटणं एकसारखीच मांडलेली असतात. मी रोज फडक्यानं पुसतो, मला माहीत आहे. म्हणजे तिची सुरुवात झालीच म्हणायची. आमच्या इथली पोरं तर दोन बोटांनी टाइप करतात.
हे तिला लिहायला घेतलं. दोन वेळा. फाडलं.
पोस्टात दीपाच्या नावानं मनीऑर्डर केली. निरोपाच्या जागेत काय लिहू, ते सुचलं नाही. मागचा माणूस घाई करून राहिला होता. कोरीच ठेवली. टायपिंगची तीन महिन्यांची फी, एकशे ऐंशी रुपये.