काळं तूस

२८ एप्रिल, रविवार

सांडलं! तेहतीस वर्षं कसाऱ्याला रेल्वेत फिटर होतो, कामावर कधी थेंब सांडू दिला नाही. आणि रिटायर झाल्यावर घरच्या अंगणात अख्खा कॅन पालथा!

अनिलच्या गाडीचं ऑईल मीच बदलतो. बाप फिटर असताना गॅरेजात कशाला जायचं, हे माझंच टुमणं. आज खालचा नट सोडला, जळकं ऑईल कॅनमध्ये उतरवून घेतलं. सगळं नीट. उठताना गुडघा लचकला, आधाराला हात टाकला तो नेमका कॅनवर. काळा ओघळ तुळशीपर्यंत गेला.

सून, रेश्मा, साबणाची बादली घेऊन धावली. ओरडलो तिच्यावर. पाणी मारलं की सगळं उतारानं विहिरीकडे जाणार! भातगिरणीतून आणलेलं तूस होतं, ते वर पसरलं. तूस पितं ऑईल. तासाभराने खराट्याने गोळा करून दोन पोती भरली आणि गोठ्यामागे ठेवली. तुळशीपाशी डाग राहिलाय. अनिलची आई असती तर आठवडाभर बोलली नसती माझ्याशी.

३० एप्रिल, मंगळवार

गोठ्यामागे आता दोन पोती आणि जुन्या ऑईलचे तीन भरलेले कॅन. दोन वर्षांचं साठलेलं. वाळवी लागू नये म्हणून ओटीच्या खांबांना लावलं, वाशांना लावलं, कुंपणाच्या मेढींना लावलं. आता काय देवघराला लावू?

सकाळी शहापूरला गॅरेजवाल्याला विचारलं. "काका, आमचंच ठेवायला जागा नाय, तुमचं कुठं घेऊ?" त्याने मुरबाडचा एक माणूस सांगितला. एसटीने तिथवर गेलो. तो म्हणतो, "दोनशे लिटरचा ड्रम भरला की या." माझ्याकडे बारा लिटर! ड्रम भरायला मला अजून तीस वर्षं जगावं लागेल.

परत येताना बाकावर बसून वैताग वैताग झाला. रेल्वेत असताना जळक्या ऑईलचं पुढे काय होतं याची चिंता माझी नव्हती. पिंपात ओतलं, हात पुसले, झालं.

५ मे, रविवार

सुटलो! रखमी आली होती. शेणव्याच्या वरच्या वाडीतली. ती आणि तिचा नवरा मंगळू दरवर्षी आमच्या आवणीला, भाताचं रोप लावायला, असतात. अनिलची आई होती तेव्हापासून. तिला गोठ्यामागची पोती दिसली.

"दादा, ह्या तुसाचं काय करता? आमी नेव का राबाला? औंदा पाला-पाचोला गावंना."

खरंच आहे. राब, म्हणजे भाताचं रोप करायचं तो तुकडा, पालापाचोळा पसरून भाजला नाही, तर रोपाआधी गवतच माजतं. आणि हल्ली जंगलात पाला तोडू देत नाहीत.

म्हटलं, "ने की! उंद्या ये न्यायला."

ती गेल्यावर तिन्ही कॅन पोत्यांत ओतले. दोन पोत्यांत मावेना, म्हणून आणखी एक पोतं तूस त्यात मिसळलं. तेवढंच चांगलं पेटेल, आणि माझीही पीडा टळेल. कॅन पालथे घालून निथळले शेवटच्या थेंबापर्यंत. फिटरचं काम!

६ मे, सोमवार

पोती गेली. तीन खेपा केल्या तिने, डोक्यावरून. गोठ्यामागे झाडून घेतलं. आज जेवण गेलं.

९ मे, गुरुवार

दुपारी वाडीकडून धूर. काळाकुट्ट! रेश्मा म्हणाली, "टायर जालतात का कोण?" मी पेपर वाचत होतो. वाचतच राहिलो.

१२ जून, बुधवार

आमची पेरणी झाली. वाडीवरच्यांचीही झाली म्हणे. गुडघा दुखतोय.

२२ जून, शनिवार

आमचं रोप चार बोटं वर आलंय, हिरवंगार. सहज म्हणून वाडीकडे चढून गेलो. सहज कसलं! चार दिवस मनात होतं.

रखमीचा राब काळा आहे. सबंध तुकड्यात मोजून तीसेक काड्या, त्याही पिवळ्या. बाजूला दुसऱ्याचा राब— लव हलावी तसा हिरवा. ती बांधावर बसली होती. मला बघून उठली, पदर सारखा केला.

"बी खोटं निंगालं दादा," म्हणाली.

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

होतं असं कधी कधी! हे माझ्या तोंडून आलं. 

२४ जून, सोमवार

येताना तिच्या राबातली मूठभर माती रुमालात आणली होती. आज वाटीत घेऊन वर पाणी सोडलं. पाणी मुरेना. अळूच्या पानावर राहावं तसं गोल गोल राहिलं. बोटाने दाबलं तर बोट काळं, आणि तो वास— तेहतीस वर्षं जो वास घरी घेऊन आलो, तोच.

सांडलेलं धरून पंधरा लिटर. एका बाईच्या वर्षभराच्या भातावर. आणि कॅन निथळत बसलो होतो, मूर्ख माणूस!

वाटी कुठे ओतू तेही कळेना. शेवटी डब्यात घालून माळ्यावर ठेवली.

२७ जून, गुरुवार

मंगळू बोलवायला आला. कुणाची तरी नजर लागली म्हणून राबावर कोंबडं द्यायचं ठरवलंय. "दादा, तुमी मोठं मानूस, तुमी या."

गेलो. न जाऊन काय करणार होतो? घरातलं एकुलतं कोंबडं. मंगळू हात जोडून म्हणत होता, ज्यानं वाईट चिंतलं असल त्याला देवा माफ कर, आमचं रोप दे. मी दोन हातांवर उभा होतो. सगळ्यांनी हात जोडले, मीही जोडले.

नंतर मला पानावर वाटा वाढला. खाल्ला! नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं ना. इतका खालच्या दर्जाचा माणूस मी आहे हे मला या वयात कळतंय.

३० जून, रविवार

रखमीने रानातली कवळ्याची भाजी आणून दिली. पळसाच्या पानात बांधून, निवडून, धुऊन. दारातून आत न येता रेश्माकडे दिली. "दादांना आवडती."

इतकी साधी बाई. हिचं मी वाटोळं केलं आणि ही मला भाजी आणते. भाजी ताटात तशीच ठेवली. रेश्मा विचारते, "मीठ कमी पडलं का?"

३ जुलै, बुधवार

आता पुन्हा पेरून उपयोग नाही. रोप व्हायला तीन आठवडे, तोवर सगळ्यांची आवणी उरकेल. मंगळू कुठे तरी वीटभट्टीवाल्याला दिवाळीनंतर येतो म्हणून सांगून आलाय. म्हणजे शेत ओसाड, घराला कुलूप.

अनिलला म्हटलं, आपलं थोडं रोप रखमीला देऊ.

"बाबा, आपल्यालाच पुरायचं नाय. त्यांचं बी खोटं निघालं त्याला आपण काय करनार?"

सांगून टाकायला हवं होतं तिथेच. पोरगा अजून सगळ्यांना सांगतो, आमचे बाबा कसाऱ्याचे फिटर, एक नट इकडचा तिकडे नाय व्हायचा.

५ जुलै, शुक्रवार

नाही जमलं. वाडीच्या वाटेवरून परत आलो.

६ जुलै, शनिवार

आमची आवणी सोमवारपासून. माणसं सांगायला अनिल गेला होता, रखमी-मंगळू आलेच म्हणाला. म्हणजे सोमवारी ती माझ्या डोळ्यांसमोर दिवसभर वाकून माझं रोप लावणार. स्वतःचं शेत रिकामं टाकून!

नाही. उद्या सांगायचंच. शिव्या देईल, देऊ दे. वाडीतल्या चार माणसांसमोर देईल, त्या मी खाईन. थुंकली तरी पुसणार नाही. अनिलला आत्ताच सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "अर्धं रोप द्या त्यांना." माझ्याकडे न बघता उठून गेला.

७ जुलै, रविवार

सांगितलं. ती सूप घेऊन अंगणात बसली होती. तुसात ऑईल होतं म्हटलं. मी ओतलं होतं, मुद्दाम. तुझं बी खोटं नव्हतं.

ती पाखडतच राहिली. मग म्हणाली, "ठावं हाय दादा. डोक्यावरनं नेलं ना मी. केसांतनं उतरत व्हतं."

मी म्हटलं, "अगो, मग राबात कशाला टाकलंस? फेकून द्यायचं!"

"तुमच्या दारात मागितलं. तुमी दिलं. टाकून दिलं आसतं नि तुमाला कललं आसतं, तर आवणीला बोलावलं आसतं का?"

अर्धं रोप देतो म्हणालो. तिने मान डोलावली. निघालो तशी उठून बांधापर्यंत मागे आली. आवाज खाली करून तिने विचारलं—

"आता तुमाला समदं कललं. मंग उंद्या येव ना आमी कामाला?"