दात: बत्तीस

सोमवार
आले एकदाची! खोली नंबर सात, पूर्वेची खिडकी, कोरी चादर. मुलगा सामान लावून गेला. वृद्धाश्रमाच्या वेबसाइटवर प्रत्येकाचं रोजचं पान असतं, माझं तो वाचत जाईल. फोन करण्यापेक्षा सोपं, नाही का! जेवायला स्वयंपाकीणबाईंनी राखाडी लगदा आणून आदळला. का, तर पानावर आहे: ‘दात: एकही नाही. जेवण वाटून द्यावे.’ मी आ वासून सगळे दात दाखवले. त्या म्हणाल्या, आजी, आम्ही पान बघतो, तोंड नाही.

मंगळवार
कारकुनाला धारेवर धरलं. त्याने माझ्यादेखत चूक खोडली. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली मी. असला गचाळपणा कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी पट्टीने फोडून काढला असता.

बुधवार
चूक पुन्हा हजर. लगदाही, आज कुणाच्या तरी केसासकट. शी! कारकून जेवायला गेल्यावर त्याच्या खुर्चीत बसून पानाचं HTML, म्हणजे पानामागची संगणकी संहिता, उघडलं. वरच लिहिलेलं: ‘हे पान रोज पहाटे मूळ फाइलवरून नव्याने तयार होते. येथे बदल करू नये.’ आणि हा दिवटा तिथेच खोडत बसला होता! मूळ फाइल तासाभराने सापडली. ठसक्यात लिहिलं: ‘दात: बत्तीस.’ आहेत एकतीस. एक अक्कलदाढ तिशीतच काढली. पण यांना कशाला सांगायचं?

गुरुवार
पान बरोबर, जेवण चावण्याजोगं. पण सगळ्यांच्याच पानांवर बत्तीस! ती ओळ सगळ्या खोल्यांची एकच होती. कारकून म्हणतो, पान चुकत नसतं आजी, ज्याचे कमी पडतील त्याचे पुरे करू. दंतवैद्याला बोलावलंय.

शुक्रवार
समोरच्या मावशी, ब्याऐंशीच्या, तोंडाचं बोळकं. आज हसल्या. हिरड्यांत पिवळे, मोठाले, पुरुषी दात — काही उलटे खोचलेले. लाळ, पू, तो वास. म्हणाल्या, पोरी, जिभेला दुसऱ्याचीच चव लागते गं. मी बेसिनमध्ये ओकले. दंतवैद्याची जुन्या दातांनी भरलेली बरणी पाहिली. धुतलेलेसुद्धा नाहीत.

शनिवार
फाइलला पासवर्ड घातलाय. मुलाला फोन केला. त्याने पान वाचलं होतं — बत्तीस दात, छानच की आई, म्हणाला. एकतीस आहेत रे, म्हटलं — हसला. ठेवला. पाच नंबरची खोली झाली. सहा —

रविवार
मोजले माझे. दोनदा. एक कमी. बरणीच्या तळाशी एकच दाढ उरलीय — किडकी, मुळाला ओलं मांस — कुणाचं — तोंड घट्ट मिटून लिहितेय. मावशी मदतीला आल्यात. हसताहेत. बोटं माझ्या जबड्याला — आधी हात तरी धु