विहीणबाई येण्याआधीची शिकवणी

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात. प्रत्यक्ष घातला तर मला उठवायला दोन माणसं लागतील). तुमचा खांदा कसा आहे? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम करता, की केले असं नुसतं सांगता, ते खरं काय ते कळवा. इकडे लेकाकडे आम्ही सगळे बरे आहोत. पत्राला उशीर झाला, कारण मी नातवंडांसाठी चिनी भाषेची शिकवणी शोधत हिंडत होते. हसू नका, पुढे वाचा.

सूनबाई चिनी घरातली, हे तुम्हाला सांगायला नको. लग्नात तिच्या आईशी तुम्ही खुणांनी गप्पा मारत बसला होतात आणि नंतर "फार मनमोकळ्या बाई आहेत" असंही म्हणाला होतात. त्या विहीणबाई गेल्या वर्षी इथे येऊन राहिल्या, तेव्हाची गोष्ट मी कुणाला लिहिली नाही. मुलांना आईकडून मिळालेलं चिनी म्हणजे 'दात घास', 'बूट काढ' आणि 'नाही' (सूनबाई दिवसभर लोकांचे दात उपटून घरी येते, तिच्यात प्रेमाचं बोलायला त्राण उरत नाही). त्यामुळे आजीने तोंड उघडलं की आता ओरडा बसणार असं समजून थोरली सोफ्यामागे आणि धाकटा पडद्यामागे. विहीणबाई फळं सोलून, फोडी करून बशी पुढे सरकवायच्या. दोघं फोडी उचलायची आणि पळायची. ठरल्याच्या आधीच त्या परत गेल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे कुणाचे दुखत नाहीत?

आता त्यांचे यजमान गेले, आणि त्या इथे राहायला येणार असं ठरलं. त्या दिवशी गाडीत सूनबाई मला म्हणाली, "आई, माझीच भाषा माझ्या मुलांना शिकवायला मी माणसं शोधते." तिचं मराठी अजून जरा लंगडतं, पण हे वाक्य तिने कुठेही न अडखळता म्हटलं. ही पोर लग्नानंतर माझ्याशी बोलता यावं म्हणून क्रियापदं पाठ करत बसायची. मी म्हटलं, तू तुझे दात बघ, शिकवणी मी बघते.

पहिली शिकवणी तुमच्या भाच्याने सुचवली. काचेचं दार, आत गारेगार, आणि टाय लावलेला एक व्यवस्थापक. त्याने विचारलं, मुलांचं ध्येय काय? धाकट्याचं ध्येय त्या वेळी टेबलाखाली गेलेला बूट शोधणं हे होतं, तसं मी सांगितलं. तो माणूस पुढे जागतिक संधींबद्दल बराच वेळ बोलला. मी म्हटलं, संधी राहू द्या, यांना आपल्या आजीशी बोलायचंय. तसा अभ्यासक्रम त्यांच्याकडे नव्हता. वर्गात मुलं हाताची घडी घालून चित्रांचे पत्ते बघत ओरडत होती. बाहेर आल्यावर मी धाकट्याला विचारलं, काय शिकलास? "गप्प बसायला," तो म्हणाला.

दुसरी शिकवणी पडद्यावरची, घरबसल्या. बाई गोड होत्या, पण सगळ्या मुलांचे आवाज त्यांनीच बंद करून ठेवले होते (भाषा शिकवण्याची ही पद्धत मला नवीन). थोरली आज्ञाधारकपणे ओठ हलवत राहिली. धाकट्याने रंगीत खडूने बाईंना मिशा काढल्या. संगणक पुसताना मी तुमच्या भाच्याची बोलणी खाल्ली, ते वेगळंच.

तिसरी मला चपला दुरुस्त करणाऱ्याने सांगितली. त्याच्याच दुकानावरची खोली. जिन्यात ओल्या छत्र्यांचा वास. वर एक तरुण मास्तरीण, कडेवर स्वतःचं तान्हं बाळ, आणि जमिनीवर मांडलेलं खोटं खोटं दुकान. हवी ती वस्तू मागायची, पण चिनीतून. थोरलीला ढोलकं हवं होतं आणि शब्द येईना. ती रडायला लागली. मास्तरणीने ढोलकं दिलं नाही, रागावलीही नाही. बाळाला थोपटत समोर बसून राहिली. मला वाटलं, उठावं आणि पोरीला घरी न्यावं. पण रडता रडता थोरलीने तो शब्द काढला, अर्धामुर्धा, आणि ढोलकं मिळालं. मग तिने ते इतकं बडवलं की खालून चपलावाल्याने झाडूच्या दांड्याने छत ठोकलं.

नंतर मलाही उभं केलं. चिनीत 'विकत घेणे' याला ऐकायला आपल्या 'माय'सारखाच शब्द आहे. आवाज खाली नेऊन वर आणायचा. वरून एकदम खाली सोडला की त्याचाच अर्थ 'विकणे'. मी धाकट्याचा हात धरून उभी होते. काय बोलले ते मला कळलं नाही, पण सगळी मुलं धाकट्याकडे बघायला लागली आणि एका चिमुरडीने त्याचा दुसरा हात धरून त्याला न्यायला सुरुवात केली. तो आनंदाने निघालाही होता. मी तिथेच ठरवलं, हीच शिकवणी.

विहीणबाई आल्या त्या दिवशी दारात सगळेच अवघडले. त्या आणखी बारीक झाल्यात. मुलं सोफ्याकडे बघायला लागली. आणि मग धाकट्याने काय केलं, तर त्यांची पिशवी ओढत नेली, त्यातल्या वस्तू बुटांच्या कपाटावर मांडल्या आणि चिनीतून विचारलं, काय घेणार? मग त्यांनी गंभीरपणे स्वतःचा चष्मा मागितला. भाव करून घेतला. मग कंगवा, मग औषधाची डबी. लोकरीचे मोजे त्याने द्यायला नकार दिला, ते थोरलीने आधीच घेतले होते. संध्याकाळपर्यंत बाई आपलंच सामान विकत घेत होत्या, आणि सूनबाई तोंडावरचा दवाखान्याचा मास्क न काढता दारात उभी होती. डोळे मात्र मास्कच्या वरच असतात, वन्सं.

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात मी शिकवणीत पाठ केलेलं माझं वाक्य म्हटलं. 'तुम्ही आलात, बरं वाटलं' असं ते आहे. विहीणबाईंनी हातातली सुरी ठेवली, माझ्या हनुवटीखाली बोट धरलं आणि माझा आवाज हळूच वर उचलला. पुन्हा म्हणायला लावलं. मग आणखी एकदा. आम्ही दोघी तिथे बराच वेळ उभ्या होतो.

सर्वांना आशीर्वाद, तुम्हाला नमस्कार.

तुमची,
वहिनी

ता.क. मुलांची प्रगती कळवायची राहिली. थोरलीला आता पोहायला जायचंय. धाकटा 'भाव कमी करा'च्या पुढे सरकलेला नाही. वर्गात नियमित जाते ती मीच. तुमच्या भाच्याला वाटतं, मी मुलांना सोडायला जाते.

ता.क. २. मी पुढच्या महिन्यात परत येणार होते, ते आता जमणार नाही. विहीणबाई संध्याकाळी माझी वाट बघतात. हे तुमच्या बंधूंना तुम्ही सांगा. जेवण झाल्यावर सांगा, आधी नको.

ता.क. ३. फारच करवादले, तर त्यांना सरळ इकडे पाठवून द्या. मी मास्तरणीला विचारून ठेवलंय, आजोबा चालतील म्हणाली. फक्त तिथे मांडी घालून बसावं लागतं आणि बोलायचं असेल तर हात वर करावा लागतो, हे त्यांना विमानात बसेपर्यंत कळू देऊ नका.