मंगला नाही म्हणते तेव्हा

३ फेब्रुवारी, मंगळवार
पुण्याच्या गेम कंपनीचा फोन. माझ्या गोष्टीत दोन बदल हवेत. मंगलाचं वय अडतीसवरून चोवीस. आणि तिसऱ्या प्रकरणात खेळणाऱ्याने बरोबर वाक्यं निवडली की तिने हो म्हणायलाच पाहिजे. "मॅडम, ही मोठ्या माणसांची प्रेमाची गेम आहे. नकार ऐकायला कोण येणार?"
विचार करून सांगते म्हटलं. खोटं. विचार झालेला होता.
दीड वर्ष लिहितेय हिला. अमळनेर डेपोची कंडक्टर, घटस्फोट झालेली, तिखट बोलणारी. चोवीसची केली तर एवढं सगळं ती जगली कधी?

४ फेब्रु.
धुळ्याला शबानाला फोन. गेममधली चित्रं तिची. मंगलाचे अकरा चेहरे काढलेत तिने. म्हणाली, "वय मी बदलणार नाही. डोळ्यांखालच्या त्या दोन रेघांना मला आठवडा लागलाय."
मग म्हणाली, पण चूक आपलीही आहे. नकाराच्या वेळी आपण मंगलाला रागाचाच चेहरा लावलाय. खेळणाऱ्याला वाटतं रुसलीय, समजूत काढली की झालं.
चिडले. खरं होतं म्हणून जास्तच.

७ फेब्रु., शनि.
छापखान्यात रजा टाकली. तिथलं टायपिंगचं काम सोमवारी. एसटीने अमळनेरला गेले, दिवसभर गाड्यांमधून फिरले. जळगावला परतताना कंडक्टर बाई होत्या, चाळिशीच्या. पुढच्या सीटवरचा एक जण धरणगावपासून त्यांच्या मागे लागलेला. नंबर द्या, चहा घेऊ. तीन वेळा नाही म्हणाल्या. आवाज चढला नाही, मशीनमधून तिकिटं निघत होती तशीच निघत राहिली.
स्टँडवर गाडी रिकामी झाल्यावर विचारलं, राग नाही आला?
हसल्या. "मी नही म्हनस तवय रागमा नही राहस, ताई. मी मनी जागावर राहस."
नाही म्हणताना त्या रागात नसतात, स्वतःच्या जागेवर असतात: घरी आल्या आल्या हेच शबानाला पाठवलं.

११ फेब्रु.
बारावा चेहरा आला! ओठ सैल, नजर सरळ. बघताक्षणी कळतं, हिची समजूत काढण्यासारखं काही नाहीच.
तिसरं प्रकरण पुन्हा लिहिलं. खेळणाऱ्याने कुठलंही वाक्य निवडलं तरी ती नाही म्हणते. पण नकार तो कसा घेतो, त्यावर चौथं प्रकरण. फुरंगटला तर ती यापुढे फक्त तिकिटापुरतं बोलणार. गप्प बसून तिचं ऐकलं तर शेजारी बसून डबा उघडणार. इतके दिवस मी फक्त मंगलाला वाढवत होते. तो नुसता बटण दाबणारा होता. आता त्यालाही काहीतरी शिकावं लागेल.

१५ फेब्रु., रवि.
पहूरहून दादा आला. वहिनीने सांगितलेलं दिसतं.
"तू मोठ्यांच्या असल्या गेम लिहितेस?"
"लिहिते."
"निदान नाव तरी काढ. दुसरं टाक."
"का?"
"गावात लोक विचारतील, वैशाली तुझीच बहीण ना."
"मग हो म्हण."
चहा न घेता गेला. आबा आतल्या खोलीत होते. लेकाचं-लेकीचं सगळं ऐकलं असणार.

१६ फेब्रु.
सकाळी आबा कॉम्प्युटरशेजारी येऊन बसले. "दाखव, काय शे ते." आयुष्य कापसाच्या जिनिंग मिलमध्ये गेलं, माउस हातात धरायची पहिलीच वेळ. सांगितलं, चित्र दिसतं, माणसं बोलतात, आपण उत्तर निवडायचं, तशी गोष्ट वळते. आणि सहाव्या प्रकरणापर्यंत जाऊ देणार नाही, तिथले प्रसंग लेकीने बापाला दाखवण्यासारखे नाहीत. "नकोच बी," म्हणाले.
मंगलाने त्यांना नाही म्हटलं.
"मी काय वाईट बोलनू?"
दुसरं वाक्य निवडलं. नाही. तिसरं. नाही. मग त्या चेहऱ्याकडे बघत बसले.
"तुनी माय असंच तोंड करे."
"कधी?"
"शिवणक्लास बंद कर म्हनं मी, तवय. ती नही म्हने. मी तरी बंद कराले लावा."
आईचा क्लास त्यांनी बंद करायला लावला, मला हे माहीत नव्हतं. आई जाऊन नऊ वर्षं. तिचं शिवणमशीन आम्ही विकलं तेव्हाही आबा बोलले नव्हते.

१८ फेब्रु.
कंपनीला मेल. वय अडतीस. नकार राहील. नाव माझं राहील. तासाभरात उत्तर, मग आपलं जमणार नाही. करारावर सही झालेली नाही, बरंच झालं.
शबाना म्हणाली, "आपणच टाकू नेटवर."
हो म्हटलं. भीती नव्हती, असं नाही म्हणणार.

२० फेब्रु.
पहिली तीन प्रकरणं टाकली. सुरुवातीलाच दोघींची पूर्ण नावं, खाली 'फक्त अठरा वर्षांवरील'. नावांचा टाइप मी एक नंबर मोठा केला.

२१ फेब्रु., शनि.
एकाने घाण शिव्या दिल्यात. पुसल्या नाहीत, राहू देत. एका बाईंनी लिहिलंय, "चार वेळा खेळले, चारही वेळा नाही म्हणाली. पुढचं कधी?" दोनदा वाचलं. बरं, पाच वेळा.
कंपनीच्या सरांचाही मेल: एकदा भेटू, वयाबद्दल अडून बसणार नाही. नकाराबद्दल एक अक्षर नाही. उत्तर दिलेलं नाही. शबाना म्हणते भेटू तरी. मला कळत नाहीये.
दादाचा फोन, उद्या येतो, नावाचं काय ते एकदाचं ठरवू. ये म्हटलं.
आबांनी विचारलं, उद्या जेवायला काय करायचं? शेवभाजी. दादाला आवडते. तिखट किती, ते मी ठरवणार.