कापलेल्या वाक्यावर हसलेला हॉल

शुक्रवार, संध्याकाळ. पनवेल.

माझे तीन विनोदी लघुपट आज एकत्र थिएटरला लागले. तीनच्या खेळाला हॉल भरलेला. आनंद व्हायला हवा होता, पण लोक विनोदाच्या आधीच हसत होते.

दुसऱ्या फिल्ममध्ये माझे हीरो नामाकाका होडीत नुसते गप्प बसतात. तिथे एक वाक्य होतं, ते मीच एडिटिंगला कापलं. तरी सगळा हॉल तिथे हसला. न ऐकलेल्या वाक्यावर?

फिल्म फुटली, हेच डोक्यात आलं. ते वाक्य एडिटर सायलीशिवाय कोणाकडे असणार? मध्यंतरात तिला फोन करून नको ते बोललो. "ते वाक्य ठेव म्हणून मीच भांडले होते," एवढं म्हणून तिने फोन ठेवला.

खेळ सुटल्यावर नामाकाकांच्या गावच्या, गव्हाणच्या दोन बायकांना विचारलं, आधी कुठे पाहिलंत?

"पायला नाय. नामाकाका दर हलदीला माईक घेऊन सगला करून दाखवतो. आमाला पाठ हाय."

म्हणजे शूटिंग संपल्यापासून काका लग्नघरांतून माझी फिल्म करत फिरतायत. कापलेल्या वाक्यासकट. विचारलं तर म्हणाले, "तुजा पिक्चर कदी लागल, कुनाला ठावं?"

सायली फोन उचलत नाही. बरोबरच आहे.

पण हॉल नक्की कोणाला हसला? तिसऱ्या फिल्ममध्ये नामाकाका नाहीत. तिथे कोणी हसलं होतं का, ते मघापासून आठवतोय.

आठवत नाही.