नववी पायरी

मंगळवार, ११ मार्च. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटे.

प्रिय बारक्या,

शाळेच्या जिन्यात बसून लिहितो आहे. प्रत्येक पायरीवर एक इंग्रजी शब्द आणि त्याचा अर्थ रंगवायचं काम मिळालंय. नवव्या पायरीचा पांढरा रंग वाळायचा आहे.

आई बरी आहे. आपल्या पेंटर मास्तरांनी तुला त्यांचा ब्रश दिला, हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. काल दूधवाला म्हणाला, "मावशी, पाचव्यांदा ऐकतोय. दूध नासेल आता!"

मास्तरांना अर्धांगाच्या झटक्यानंतर अजून बोलता येत नाही. ब्रश देताना त्यांचा हात किती थरथरत होता, तू पाहिलंसच. मी शेजारीच होतो. माझाही हात पुढे झाला होता. तो मी रंगाच्या डब्याकडे वळवला.

नववा शब्द 'बिग्रज'. स्पेलिंग तपासायला इंग्रजीच्या बाईंकडून शब्दकोश घेतला. दुसऱ्याला मिळालेलं डोळ्यांत खुपणं, असा अर्थ. मी विचारलं, "म्हणजे जेलस ना?"

"जेलस थट्टेतही म्हणतात रे. यात कुढणं आहे. आणि लोक तो बहुतेक नाकारायलाच वापरतात. 'आय डोन्ट बिग्रज यू.'"

"असं का?"

"कबूल कोण करणार?"

तुझं पत्र शुक्रवारीच मिळालं. सोन्याचा वर्ख नेमका कधी लावायचा, गुरुवारी दुकानाचा मालक बोर्ड बघणार, बिघडला तर काम जाईल, सगळं वाचलं. चार दिवस उत्तर दिलं नाही. वेळ नव्हता असं नाही. फाटक्या वर्खाचा बोर्ड मनात आणून बघत होतो, आणि बघायला बरं वाटत होतं.

आता नीट वाच. वर्खाखालचं वार्निश ओलं असेल तर वर्ख बुडतो, फार सुकलं तर धरत नाही. बोट वाकवून सांध्याची पाठ हलकेच टेकव आणि उचल. 'टिक' असा बारीक आवाज आला आणि बोटाला काही लागलं नाही, की लगेच वर्ख ठेव. पंखा बंद कर. हे मास्तरांनी मला एकट्यालाच दाखवलं होतं. म्हणून ब्रशही मलाच मिळणार, असं मी धरून चाललो होतो.

टपालाने वेळेत पोचणार नाही, म्हणून संध्याकाळच्या बसच्या कंडक्टरकडे देतो. बोर्ड चांगला कर.

तुझा,
दादा

खर्च: पाकीट एक, कंडक्टरला चहा एक.
तुझ्याकडून येणे: तो ब्रश, एकदा हातात धरायला.